मोटरसाहाय्यित फॉइल फळी आणि वेगमर्यादेचा प्रश्न : न्यूझीलंडच्या सागरी नियमाच्या संदर्भात

फॉइल फळीच्या खाली उभा दांडा व त्याच्या टोकाला आडवे पंख असतात. पुरेसा वेग येताच पंखांमुळे फळी पाण्याच्या वर उचलली जाते. मोटरसाहाय्यित प्रकारात हा आरंभीचा वेग विद्युत मोटर देते. लाट मिळाल्यावर ती बंद करता येते. अशा वेळी फळीला यांत्रिक नौका मानावे की साधी फळी, असा प्रश्न उपस्थित होतो.

न्यूझीलंडच्या सागरी नियमावलीचा भाग ९१ या दृष्टीने उद्बोधक आहे. पाण्यातील व्यक्ती वा अन्य नौका यांच्यापासून ५० मीटरच्या आत, तसेच किनाऱ्यापासून २०० मीटरच्या आत, ५ नॉटपेक्षा (ताशी सुमारे ९ किलोमीटर) अधिक वेग ठेवता येत नाही. ही मर्यादा मोटरीवर नसून वेगावर आहे आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तेच तिचे बळ होय. मोटर बंद असली तरी पंखांच्या कठीण कडा तेवढ्याच घातक राहतात. पोहणाऱ्याला त्या सहसा दिसतही नाहीत.

अडचण अशी की, एवढ्या कमी वेगात फॉइल फळ्या सहसा उचलल्या जात नाहीत आणि लाटा तर किनाऱ्यालगतच फुटतात. प्रवेशमार्गिका व राखीव क्षेत्रे आखण्याची सोय आहे खरी. पण मार्गिका ये-जा करण्यासाठी असते, खेळण्यासाठी नव्हे. वयाची अट तर अधिकच अवघड. १० नॉटपेक्षा अधिक वेगाची क्षमता असलेली यांत्रिक नौका १५ वर्षांखालील मूल चालवीत असेल, तर त्या वयाहून मोठी व्यक्ती देखरेखीस, नियंत्रणांपर्यंत लगेच हात पोहोचेल अशा अंतरावर, असावी लागते. एकट्याच्याच फळीवर ती उभी कोठे राहणार?