टाकीपासून शेगडीपर्यंत
जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील केदारखेड्यासारख्या गावात स्वयंपाकाचा गॅस टाकीतून येतो. टाकी आणि वायूचा दाब कमी करणारा रेग्युलेटर अनामत रकमेवर मिळत असल्याने त्यांची मालकी कंपनीकडे राहते, परंतु शेगडी व रबरी नळी ग्राहकाची असते आणि हयगय होते ती नेमकी तिथेच. भारतीय मानक चिन्हाची, आत तारांची जाळी असलेली नळी वरून धडधाकट दिसत असली तरी 5 वर्षांनी बदलावीच लागते. टाकीच्या वरच्या पट्टीवर ‘बी-27’ असे रंगवलेले असल्यास तिची पुढील दाबचाचणी जून 2027 पर्यंत होणे आवश्यक असते, आणि मुदत उलटलेली टाकी ग्राहकाने घेऊ नये. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. म्हणून वास (तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टन या गंधकयुक्त रसायनाचा असतो) येताच विजेच्या कोणत्याही बटणाला हात न लावता शेगडी व रेग्युलेटर बंद करावेत, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन 1906 या क्रमांकावर कळवावे. पेटती काडी धरून गळती शोधणे जीवघेणे आहे. सांध्यावर साबणाचे पाणी लावले की बुडबुडे दिसतात.