हिंगोली जिल्ह्यातील औद्योगिकीकरण

हिंगोली जिल्ह्यातील औद्योगिकीकरण म्हणजे मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्यात लोहमार्ग, कापसाचे जिनिंग, धरणे, साखर कारखानदारी आणि हळद प्रक्रिया यांमुळे घडून आलेले आर्थिक व सामाजिक परिवर्तन होय. मुंबई व सोलापूर येथे गिरण्यांभोवती मोठ्या कामगारवस्त्या उभ्या राहिल्या. हिंगोलीत यंत्रे प्रामुख्याने शेतमालावर पहिली प्रक्रिया करण्यासाठी आली. त्यामुळे येथील श्रमिक शेतीशी बांधलेलाच राहिला. परंतु त्याच्या कामाचे स्वरूप, हंगाम, मोबदला आणि पुष्कळदा कामाचे गावही बदलले.

पार्श्वभूमी

हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हिंगोली येथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर हा भाग परभणी जिल्ह्यात राहिला. १ मे १९९९ रोजी हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ व सेनगाव या तालुक्यांचा स्वतंत्र जिल्हा झाला.

यंत्रपूर्व काळात गावातील बहुतेक गरजा गावातच भागत. सुतार नांगर घडवी, लोहार फाळ शेवटी आणि त्यांना सुगीच्या वेळी धान्यरूपाने बलुते मिळे. कापसातील सरकी हाताने फिरवायच्या चरकीवर वेगळी केली जाई. हे काम बहुधा स्त्रिया करीत. पुढे पिंजारी कापूस पिंजी आणि साळी-कोष्टी कापड विणीत.

कापूस आणि लोहमार्ग

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) इंग्लंडमधील गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि भारतीय कापसाची मागणी वाढली. त्याच दशकात शेजारच्या वऱ्हाडात लोहमार्ग पोहोचला. पूर्णा–हिंगोली हा मीटरगेज मार्ग १९१२ मध्ये सुरू झाला. पुढे १९६० च्या सुमारास तो अकोलामार्गे खांडव्याशी जोडला गेला. पूर्णा–अकोला मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर २००८ मध्ये झाले.

जिनिंग कारखाने बाजारपेठेजवळ का निघाले, याचे उत्तर कापसाच्या वजनात आहे. एक क्विंटल कापसातून साधारणतः ३३ ते ३५ किलो रुई मिळते. उरलेला बहुतांश भाग सरकीचा असतो. सरकी काढून रुईच्या दाबगाठी बांधल्या, की वाहतुकीचा भार व खर्च पुष्कळ कमी होतो. मात्र सूत व कापड तयार करण्याचे काम अन्यत्र होत असे. मराठवाड्यातील मोठ्या कापड गिरण्या औरंगाबाद (१८८९) व नांदेड येथे निघाल्या.

याचा परिणाम घरापर्यंत पोहोचला. चरकीचे कष्ट संपले, तसे त्यातून मिळणारे कामही संपले. गिरणीचे कापड स्वस्त मिळू लागल्याने पिंजारी व विणकरांचा व्यवसाय खालावला. पूर्वी जनावरांच्या वैरणीसाठी घरात राहणारी सरकी तेलगिरणीकडे जाऊ लागली आणि शेतकरी तिचीच पेंड विकत आणू लागला.

धरणे, वीज आणि ऊस

पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर या धरणांचे बांधकाम १९६० च्या दशकात पूर्ण झाले. येलदरी येथील जलविद्युत केंद्राची क्षमता २२.५ मेगावॅट आहे. कालव्यांच्या पाण्यावर वसमत परिसरात ऊस वाढला आणि पूर्णा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तोडलेल्या उसातील साखरेचा उतारा लवकर घटत असल्यामुळे कारखान्याचे वेळापत्रक थेट शिवारापर्यंत पोहोचते.

विजेमुळे विहिरीवरची मोट गेली व पंप आले. पिठाच्या गिरणीने स्त्रियांचे पहाटेचे दळण थांबवले. त्याबरोबर दळताना ओव्या गाण्याचा नित्याचा प्रसंगही नाहीसा झाला.

सिंचनाचा लाभ मात्र सर्वत्र सारखा झाला नाही. कोरडवाहू गावांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेरच्या जिल्ह्यांत जातात. पती-पत्नींची जोडी एक ‘कोयता’ म्हणून मोजली जाते. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर उसाच्या टनावर फेडावी लागते. मुले बरोबर गेल्यास त्यांचे शालेय वर्ष मध्येच खंडित होते.

हळद प्रक्रिया

वसमत व हिंगोली ही हळदीची महत्त्वाची केंद्रे आहेत. पूर्वी येथील हळद विक्रीसाठी सांगलीच्या पेठेत नेली जाई. आता हिंगोली येथील संत नामदेव हळद मार्केटमध्ये मोठी उलाढाल होते. ‘वसमत हळद’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले असून वसमत येथे हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे.

काढलेली हळद पूर्वी उघड्या काहिलीत पाण्यात शिजवीत. त्यासाठी जळण, पाणी व मनुष्यबळ पुष्कळ लागे आणि शिजणे एकसारखे होत नसे. आता शेतात ओढून नेता येणाऱ्या बॉयलरमधील वाफेवर हे काम कमी वेळात होते. नंतर हळकुंडे दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवून यंत्रचलित ढोलात पॉलिश केली जातात. शिजवणे व पॉलिश करणे यंत्राकडे गेले, तरी गड्डे वेचणे, मोडणे व निवडणे ही कामे मुख्यतः मजूर स्त्रियांच्या हातीच राहिली आहेत.

सामाजिक परिणाम

ट्रॅक्टर व मळणीयंत्रांमुळे बैलजोड्या कमी झाल्या. बैलांवर अवलंबून असलेले सुतारकाम घटले आणि गुढीपाडव्याला वर्षभरासाठी ठरणारा सालगडीही दुर्मीळ होत गेला. धान्यरूप बलुत्याची जागा रोख मजुरीने घेतली. यामुळे श्रमिकाला काम व मालक निवडण्याची मोकळीक मिळाली. मात्र वर्षभराच्या धान्याची शाश्वती राहिली नाही. बारमाही काम देणारे कारखाने मर्यादित असल्यामुळे शिकलेले अनेक तरुण नोकरीसाठी पुणे, मुंबई व छत्रपती संभाजीनगर येथे जातात. कापूस, ऊस आणि हळद या तिन्ही पिकांनी जिल्ह्यात यंत्रे आणली. परंतु त्यांवर अवलंबून असलेले बरेचसे काम अजूनही हंगामीच असल्यामुळे, पिकलेल्या मालावर पुढील प्रक्रिया जिल्ह्यातच वाढणे हा येथील रोजगाराचा मुख्य प्रश्न राहिला आहे.