पद्मासनातील उडी आणि लंगडीतील उडी

महर्षी महेश योगी यांच्या परंपरेतील ‘योगिक उड्डाण’ या क्रियेच्या चित्रफिती हल्ली मोबाइलवर सहज पाहायला मिळतात. जाड गाद्यांवर पद्मासनात बसलेले साधक बेडकासारखे उड्या मारीत पुढे सरकतात. केडगाव परिसरातील पालकही विचारतात, “डॉक्टर, मुलांनी हे घरी करून पाहिले तर चालेल का?”

पातंजल योगसूत्रांच्या विभूतिपादात आकाशगमनाचा उल्लेख आहे. मात्र सिद्धी या समाधीच्या मार्गातील अडथळे ठरतात, असा इशाराही त्याच पादात आहे. १९८६ मध्ये वॉशिंग्टन येथे या क्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. तेथे दिसल्या त्या उड्याच. साधकांना त्यातून लाभणारा आनंद हा त्यांचा अनुभव आहे. शरीराला मात्र गुरुत्वाकर्षणाचा नियम चुकत नाही. १५ सेंटिमीटर उंच उडी साधकाने मारो वा खेळाडूने, दोघेही हवेत सुमारे ०.३५ सेकंदच राहतात.

खरा फरक आहे तो जमिनीवर उतरण्यात. लंगडी घालताना घोटा, गुडघा व खुबा हे तिन्ही सांधे स्प्रिंगप्रमाणे दबतात. टाचेमागील कंडरा ऊर्जा साठवून पुढच्या उडीसाठी परत देतो. जमीन मऊ असेल तर पाय आपोआप अधिक ताठर होतो, कठीण असेल तर अधिक लवतो. पद्मासनात ही सोय उरत नाही. मांड्या, नितंब, पोट व पाठ यांच्या झटक्याने शरीर उचलले जाते आणि ते थेट नितंब, माकडहाड व मुडपलेल्या गुडघ्यांवर आदळते. धक्का झेलण्याचे काम मग पृष्ठभागालाच करावे लागते.

हिशेब सोपा आहे. १५ सेंटिमीटरवरून येणारे शरीर १० सेंटिमीटर दबणाऱ्या फोमवर थांबले, तर सरासरी धक्का वजनाच्या अडीच पट असतो. फरशीवर दबतो तो केवळ नितंबांचा मांसल भाग. तो २ सेंटिमीटर दबला असे धरले, तरी धक्का साडेआठ पटींवर जातो. सतरंजीने त्यात फारसा फरक पडत नाही. उलट, जाड मऊ गादीवर लंगडी घातल्यास घोटा मुरगळण्याचा धोका असतो. लंगडीसाठी सपाट, भुसभुशीत मातीच उत्तम.

म्हणून मुलांना मातीत लंगडी खेळू द्यावी. पद्मासन स्थिर बसण्यासाठीच ठेवावे. हाडांचा ठिसूळपणा, मणक्यांचे वा गुडघ्यांचे दुखणे असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी बसून उड्या मारूच नयेत. आदळल्यानंतर माकडहाड सतत दुखत राहिल्यास डॉक्टरांना दाखवावे. पायांत बधिरता वा अशक्तपणा जाणवला, किंवा लघवीवरील ताबा सुटला, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.