मागें राहिलेलीं मांजरें

माळ्यावर व्यालेल्या मनीचीं पिलें शेजारींपाजारीं वाटून देतांना चपळ व गोंडस पिलूं पहिल्यानें उचललें जातें आणि कोपऱ्यांत फिसकारणारें शेवटपर्यंत राहतें, हा अनुभव घरोघरचा आहे. टाकून दिलेल्या व जखमी मांजरांना आश्रय देणाऱ्या संस्थांमध्यें हेंच मोठ्या प्रमाणावर घडतें. पाहावयास आलेल्या मंडळींच्या हाताला जें मांजर अंग घासतें तें घरीं जातें. जें भिंतीकडे तोंड करून बसतें, किंवा ज्यास डोळा वा पाय नाहीं, तें महिनोमहिने तेथेंच राहतें. अशा मांजरांस घर कसें मिळेल, याचा आज आम्ही विचार करणार आहों.

प्रथम भित्रेपणाचें कारण पाहूं. फिलाडेल्फिया येथील टेंपल विद्यापीठांत आयलीन कार्श या विदुषींनीं केलेल्या प्रयोगांवरून असें दिसून आलें कीं, पिलूं सुमारें दोन ते सात आठवड्यांचें असतांना त्यास माणसाचा हात लागला, तर तें सहज माणसाळतें. हे दिवस माणसावांचून गेले, तर पुढें माणसाची धास्ती वाटते. तेव्हां भित्रें मांजर दुष्ट नव्हे. त्याचें लहानपणचें शिक्षण राहून गेलें आहे, इतकेंच.

तें शिक्षण सावकाशीनें पुष्कळसें भरून काढतां येतें. नेदरलंड्समधील एका आश्रयस्थानांत नव्या मांजरांपैकीं कांहींना लपावयास खोका दिला व कांहींना दिला नाहीं. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत खोका मिळालेलीं मांजरें लौकर स्थिरावलीं. लपावयास जागा दिली म्हणजे मांजर कायमचें लपून बसेल, ही समजूत त्यामुळें टिकत नाहीं. २०२० सालीं इंग्लंडांतील ससेक्स व पोर्टस्मथ येथील संशोधकांस असें आढळलें कीं, जो अनोळखी मनुष्य डोळ्यांची हळूहळू उघडझाप करतो त्याच्याकडे मांजर अधिक जातें. डोळे मिटून दूध पितें म्हणून आपण त्यास लबाड ठरविलें. पण मिटलेले डोळे ही त्याच्या लेखीं स्नेहाची खूण दिसते.

व्यंगासंबंधीं खरी माहिती देणें हाच उत्तम उपाय होय. निळ्या डोळ्यांचीं शुभ्र मांजरें पुष्कळदां बहिरीं असतात, ही गोष्ट डार्विननें १८५९ सालच्या आपल्या ग्रंथांत नमूद केली आहे. असें मांजर रस्त्यावर सोडूं नये, पण घरांत त्याचें कांहीं अडत नाहीं. आंधळें मांजर मिशांनीं व स्मरणानें वाट काढतें. मात्र सामानाची जागा वरचेवर बदलूं नये. लहान मेंदू अपुरा वाढलेलें पिलूं जन्मभर झोकांड्या खात चालतें, परंतु त्यास वेदना नसतात व विकार वाढत नाहीं. १९८६ सालीं कॅलिफोर्नियांत सांपडलेल्या 'एफ्. आय्. व्ही.' या विषाणूचें नांव ऐकूनच लोक मागें सरतात. त्याचा संसर्ग मुख्यतः मांजरांच्या आपसांतील खोल चाव्यांतून होतो, माणसास होत नाहीं. आणि असें मांजर वर्षानुवर्षें सुखानें जगूं शकतें.

पिंजऱ्यांत मांजराचा खरा स्वभाव दिसत नाहीं. म्हणून कित्येक संस्था अशा मांजरास कांहीं आठवडे एखाद्या कुटुंबांत ठेवतात. तें कोणाच्या मांडीवर बसतें, कशास भितें, औषध कितीदां लागतें व खर्च काय येतो, हें सर्व मग नेणाऱ्यास मोकळेपणानें सांगतां येतें. एखादी अडचण लपविली, तर मांजर परत येतें, आणि परत आलेलें मांजर अधिकच बुजरें होतें.

आपल्या एकत्र कुटुंबांत गडबड फार, मुलें फार, पाहुणे फार. पण घर कधीं रिकामें नसतें, हा मोठा लाभ. प्रारंभीं एक खोली, एक खोका व एकच माणूस नेमावा. दिवसभर एका जागीं पोथी घेऊन बसणाऱ्या आजींइतका योग्य सोबती दुसरा मिळणार नाहीं. मुलांना 'ओढूं नका, तें आपण होऊन येऊं द्या' एवढें शिकवावें. सणावारीं खोलीचें दार लोटून घ्यावें.

शाकाहारी घरांनीं एक गोष्ट आधींच ठरवावी. मांजराचें पोषण दूधभातावर होत नाहीं. मांसमासळींत मिळणारें 'टॉरीन' हें द्रव्य न मिळाल्यास त्याची दृष्टि जाते व हृदयहि दुबळें होतें. बाजारांत मिळणारें मांजराचें तयार खाद्य तरी घरांत चालेल कीं नाहीं, याचा निर्णय वडीलधाऱ्यांसह करावा. चालणार नसेल, तर मांजर आणूं नये.

चालणार असेल, तर आमची विनंती एवढीच. आश्रयस्थानांत गेल्यावर पुढें धांवत आलेल्या मांजराला अवश्य कुरवाळावें, पण नंतर तेथील माणसास विचारावें, "सर्वांत अधिक दिवस येथें कोणतें मांजर आहे?" आणि तें दाखवितील त्या कोपऱ्यापाशीं जाऊन थोडा वेळ स्वस्थ बसावें.