आधी काय संपते?

पवारांची संस्थाने म्हणून धार आणि देवास ही नावे मराठी वाचकांच्या परिचयाची आहेत. धार येथे लाट मशिदीजवळ घडीव लोखंडाच्या एका प्रचंड स्तंभाचे तीन तुकडे आहेत. परंपरा त्याचा संबंध अकराव्या शतकातील परमार राजा भोजाशी जोडते. तुकड्यांची एकत्रित लांबी सुमारे १३ मीटर असून वजन अंदाजे ७,३०० किलो आहे. एवढ्या लोखंडासाठी सामग्री किती लागली असेल?

खनिजात लोखंड ऑक्सिजनशी जखडलेले असते. भट्टीत लोणारी कोळसा जळून कार्बन मोनॉक्साइड वायू होतो आणि तो हा ऑक्सिजन हिरावून घेतो. १६० किलो शुद्ध हेमाटाइटसाठी वायुरूपाने ३६ किलो कार्बन लागतो व ११२ किलो लोखंड मिळते. हे प्रमाण अणूंच्या हिशेबाने ठरलेले असते. कारागिराच्या इच्छेने ते बदलत नाही.

आता खनिज ८० किलो आणि कार्बन २७ किलो आहे, असे समजावे. वरवर पाहता कार्बनच तोकडा वाटेल. परंतु प्रत्येक पदार्थास त्याच्या ठरलेल्या प्रमाणाने भागले, की खनिज अर्धा वाटा भरते आणि कार्बन पाऊण. म्हणजे वजनाने तिप्पट असलेले खनिजच आधी संपते! लोखंड ५६ किलोच मिळते आणि ९ किलो कार्बन शिल्लक राहतो. जो पदार्थ आधी संपून क्रिया थांबवितो, त्यास मर्यादाकारी अभिक्रियाकारक म्हणतात. तो वजनावरून नव्हे, वाट्यावरून ओळखावयाचा असतो.

याच हिशेबाने धारच्या स्तंभास निदान १०,४०० किलो शुद्ध खनिज हवे. प्रत्यक्षात गरज याहून पुष्कळच अधिक. कारण जुन्या भट्ट्यांत बरेचसे लोखंड मळीत जाई, आणि उष्णतेसाठीही कोळसा जाळावा लागे.

आज देवास येथे औषधांचे कारखाने आहेत. अशा उद्योगात हीच मर्यादा बहुधा हेतुपूर्वक ठरविली जाते. स्वस्त द्रव्य गरजेपेक्षा थोडे अधिक घालतात. त्यामुळे महागडे द्रव्य आधी संपते आणि त्याचा कण वाया जात नाही. कोठारात काय विपुल आहे, यापेक्षा आधी काय संपणार आहे, हेच उत्पादन ठरविते.