गेलिक फुटबॉलमधील स्थानिक क्लब स्पर्धांची पुनर्रचना : श्रेणी, बढती आणि अवनती यांच्या नियमांचा विचार

प्रास्ताविक

क्रीडास्पर्धांच्या रचनेचा विचार करताना सामान्यतः व्यावसायिक फुटबॉलचा नमुना डोळ्यांसमोर असतो. हंगामाच्या अखेरीस गुणतक्त्यातील वरचे संघ वरच्या श्रेणीत जातात, तळाचे खाली उतरतात. पैसा, प्रेक्षक आणि चांगले खेळाडू त्यांच्या मागोमाग सरकतात. आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलला हा नमुना जसाच्या तसा लागू पडत नाही. तेथील खेळाडू हौशी आहे, त्याला वेतन नाही. क्लबला खेळाडू विकत घेता येत नाही. तरीही बढती आणि अवनतीचे नियम तेथे आहेत. किंबहुना बाजाराचा आधार नसल्यामुळे क्लबचे भवितव्य या नियमांवर अधिकच अवलंबून राहते. केरी, कॉर्क आणि टिरोन या तीन काउंटींच्या आधारे या नियमांचे कार्य प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

क्लब, पॅरिश आणि श्रेणी

गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनची (जीएए) स्थापना १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपररी काउंटीतील थर्लस या गावी झाली. संघटनेचा पाया क्लब हा असून क्लब बहुधा पॅरिशशी, म्हणजे एका चर्चच्या कार्यक्षेत्रातील वस्त्यांच्या समूहाशी, बांधलेला असतो. मुलगा ज्या पॅरिशमध्ये वाढतो त्याच क्लबकडून तो खेळू लागतो आणि बहुतेक वेळा तेथेच थांबतो. कोल्हापुरातील पेठा आणि तालमींच्या नावाने खेळणाऱ्या फुटबॉल संघांविषयी तेथील लोकांना जी आपुलकी असते, तिच्याशी या भावनेचे नाते ओळखता येईल. क्लब बदलण्याचे नियम कडक आहेत. निवास बदलल्याशिवाय क्लब बदलणे सहसा शक्य होत नाही.

खेळ प्रत्येकी १५ खेळाडूंचा. आडव्या दांड्याखालून चेंडू गेल्यास गोल, त्याचे मूल्य तीन पॉइंट. दांड्यावरून गेल्यास एक पॉइंट. २०२५ पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून दांड्यावरून मारलेल्या चेंडूला दोन पॉइंट मिळतात. हा तपशील पुढे गुणफरकाच्या संदर्भात उपयोगी पडेल.

प्रत्येक काउंटीत क्लबांच्या दोन प्रकारच्या स्पर्धा चालतात. एक लीग, म्हणजे साखळी स्पर्धा. दुसरी चॅम्पियनशिप, जिला खरी प्रतिष्ठा आहे. चॅम्पियनशिपच्या मुख्य श्रेणी तीन : सीनियर, इंटरमीजिएट आणि ज्युनियर. येथे ‘ज्युनियर’ हा शब्द वयाचा नाही, दर्जाचा आहे. चाळिशीतला खेळाडूही ज्युनियर असू शकतो. प्रत्येक श्रेणीतील काउंटी विजेता प्रांतिक आणि नंतर अखिल आयर्लंड क्लब स्पर्धेत जातो. मात्र कोणत्या श्रेणीत किती क्लब ठेवावयाचे आणि किती वर चढवावयाचे, हे बहुतांशी काउंटीपातळीवरच ठरते. वादाचे मूळ येथे आहे.

केरी : अरुंद शिखर

अखिल आयर्लंड फुटबॉल विजेतेपदे सर्वाधिक वेळा मिळविणाऱ्या केरी काउंटीत २०२२ च्या रचनेत सीनियर क्लब केवळ ८ होते. त्यांच्याखाली इंटरमीजिएट श्रेणीत १६ क्लब, आणि वर जाण्याची वाट फक्त विजेत्याला. काउंटीच्या मुख्य चॅम्पियनशिपमध्ये या ८ क्लबांबरोबर ८ विभागीय संघही खेळत असत. खालच्या श्रेणीतील क्लबांचे निवडक खेळाडू एकत्र करून हे विभागीय संघ उभे केले जातात. त्यांतील ईस्ट केरी संघाने २०१९, २०२०, २०२२ आणि २०२३ मध्ये काउंटीचे विजेतेपद मिळविले.

या व्यवस्थेचा परिणाम डेव्हिड क्लिफर्ड या खेळाडूच्या उदाहरणावरून ध्यानात येतो. जुलै २०२२ मध्ये त्याने केरीसाठी अखिल आयर्लंड विजेतेपद मिळविले व त्या वर्षीचा देशातील सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून त्याची निवड झाली. त्याचा स्वतःचा क्लब फॉसा त्या वेळी ज्युनियर श्रेणीत होता. जानेवारी २०२३ मध्ये क्रोक पार्कवर फॉसाने अखिल आयर्लंड ज्युनियर विजेतेपद मिळविले, आणि केरीच्याच रॅथमोर क्लबने इंटरमीजिएट विजेतेपद. एकाच काउंटीने दोन्ही खालच्या श्रेणी जिंकल्यावर इतर काउंटींत कुरकुर झाली नसती तरच नवल. ज्या काउंटीत सीनियर क्लबच ८ आहेत, तेथील नवव्या क्रमांकाचा क्लब इंटरमीजिएट म्हणून बाहेर पडतो आणि अन्य काउंटीत जो खरोखर मध्यम दर्जाचा आहे अशा क्लबशी त्याची गाठ पडते.

शिखर अरुंद असल्यामुळे वरून खाली येणेही सोपे होते. २०२१ मध्ये केरीचे सीनियर विजेतेपद मिळविणारा ट्रलीचा ऑस्टिन स्टॅक्स हा क्लब २०२४ मध्ये इंटरमीजिएट स्पर्धा खेळत होता.

बढतीच्या दाराची रुंदी साध्या गणिताने मोजता येते. १६ क्लबांची श्रेणी असून दरवर्षी एकच क्लब वर जात असेल आणि सर्व क्लब समबळ आहेत असे धरले, तर एका क्लबला बढतीसाठी सरासरी १६ वर्षे वाट पाहावी लागेल. खेळाडूची प्रौढ कारकीर्द १५ वर्षांची मानली, तर त्या काळात क्लबला एकदाही बढती न मिळण्याची शक्यता सुमारे ३८ टक्के येते. दरवर्षी दोन क्लब वर नेल्यास हीच शक्यता सुमारे १३ टक्क्यांवर उतरते. प्रत्यक्षात क्लब समबळ नसतात, त्यामुळे मधल्या फळीतील क्लबांची अवस्था याहून कठीण असते. विभागीय संघामुळे गुणी खेळाडूला वरच्या पातळीवर खेळावयास मिळते हे खरे. पण खेळाडूची सोय झाली म्हणून क्लबची झाली असे होत नाही. उलट, ही सोय असल्यामुळेच रचना बदलण्याची निकड कमी भासते, असे म्हणण्यास जागा आहे.

कॉर्क : क्रमवारीवर आधारलेली पुनर्रचना

शेजारच्या कॉर्कची अडचण वेगळी होती. क्षेत्रफळाने आयर्लंडमधील ही सर्वांत मोठी काउंटी, आणि क्लबांची संख्याही मोठी. सीनियर श्रेणी फुगलेली होती; त्यामुळे बलाढ्य आणि दुबळे क्लब एकाच पात्रात पडत. २०१९ मध्ये क्लबांच्या प्रतिनिधींनी नव्या रचनेच्या बाजूने मतदान केले व २०२० पासून ती अमलात आली. प्रीमियर सीनियर आणि त्याखाली सीनियर ए अशा १२-१२ क्लबांच्या दोन श्रेणी झाल्या. त्यांच्याखाली प्रीमियर इंटरमीजिएट आणि पुढील श्रेणी लागल्या. १२ क्लबांचे चार-चारचे तीन गट, प्रत्येक क्लबला तीन सामन्यांची हमी, विजेत्याला बढती आणि तळाच्या संघांतील लढतीत हरणाऱ्याला अवनती, असे तिचे सूत्र आहे.

पूर्वीच्या हंगामांतील कामगिरीची क्रमवारी लावून क्लबांची श्रेणी ठरविण्यात आली, ही यातील महत्त्वाची बाब होय. श्रेणीरचनेचा निर्णय ज्या सभेत होतो तिचे सदस्य क्लबांचेच प्रतिनिधी असतात. प्रत्येकाला सुधारणा हवी असते, परंतु आपला क्लब खाली जाईल अशी सुधारणा कोणालाच नको असते. निकष आधी मान्य करून घेतल्यास हा पेच काही अंशी सुटतो. ‘सीनियर ए’ या नावातही व्यवहारज्ञान आहे. प्रत्यक्षात ती दुसरी श्रेणी आहे. पण सीनियर हा शब्द हातचा गेला नाही, एवढ्याने अनेकांचे समाधान झाले असावे.

या नावांमुळे राष्ट्रीय पातळीवर मात्र गोंधळ वाढतो. कॉर्कच्या वतीने प्रांतिक इंटरमीजिएट स्पर्धेत प्रीमियर इंटरमीजिएट विजेता उतरतो. किल ना मार्त्रा हा क्लब याच मार्गाने जानेवारी २०२४ मध्ये अखिल आयर्लंड अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. कॉर्कमध्ये ही श्रेणी २४ क्लबांनंतर सुरू होते. केरीतील २०२२ च्या रचनेत २४ क्लबांनंतर सुरू होत असे ती ज्युनियर श्रेणी. म्हणजे एकाच क्रमांकावरचा क्लब एका काउंटीत इंटरमीजिएट आणि शेजारच्या काउंटीत ज्युनियर ठरतो. दोन्ही काउंटींचे आकारमान सारखे नाही, म्हणून ही तुलना शब्दशः घेऊ नये. पण श्रेणीचे नाव हे दर्जाचे माप नाही एवढे तिच्यावरून दिसते.

चार संघांच्या गटाचे गणित

अलीकडच्या पुनर्रचनांमध्ये चार संघांचा गट हा आवडता घटक ठरला आहे. कारण उघड आहे. १६ संघांच्या निव्वळ बाद स्पर्धेत १५ सामने होतात आणि ८ क्लबांचा हंगाम एका दुपारी संपतो. चारचे चार गट केल्यास २४ गटसामने होतात आणि प्रत्येकाला तीन सामने मिळतात. वर्षभर सराव करणाऱ्या हौशी खेळाडूच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

तथापि या गटात एक दोष दडलेला आहे, त्याची चर्चा पुरेशी होत नाही. क, ख, ग आणि घ असे चार संघ घेऊ. ‘क’ ने तिन्ही सामने जिंकले. उरलेल्यांत ‘ख’ ने ‘ग’ ला, ‘ग’ ने ‘घ’ ला आणि ‘घ’ ने ‘ख’ ला प्रत्येकी एका पॉइंटने हरविले. विजयाचे दोन गुण धरल्यास तिघांचेही दोन-दोन गुण झाले. दोनच संघ बरोबरीत असते तर त्यांच्या परस्पर सामन्याचा निकाल पाहिला गेला असता. तीन असल्यामुळे एकूण गुणफरक पाहिला जातो. परस्परांतील सामन्यांचा फरक प्रत्येकाच्या बाबतीत शून्य होतो. उरतो तो ‘क’ विरुद्धच्या पराभवाचा आकार. ‘ख’ तीन पॉइंटने हरला, ‘ग’ सातने आणि ‘घ’ चौदाने, असे समजू. परिणामी ‘ख’ बाद फेरीत जाऊन विजेतेपदाचा दावेदार होतो आणि ‘घ’ अवनतीच्या लढतीत ढकलला जातो. तिघांची कामगिरी तीच, विजय तेवढेच.

आता ‘क’ ने शेवटच्या फेरीआधीच आपली जागा निश्चित करून प्रमुख खेळाडूंना विश्रांती दिली, तर त्या फेरीत त्याच्याशी खेळणाऱ्या संघाला आयता लाभ मिळतो. सामन्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरलेला असतो. म्हणजे एखाद्या पॅरिशची श्रेणी ठरविण्यात त्या चिठ्ठीचाही वाटा असतो. दोन पॉइंटच्या नव्या फटक्यामुळे एका चांगल्या वाऱ्याच्या अर्ध्या तासात फरक किती फुगू शकतो, हे सांगावयास नको. बरोबरीतील तळाचा संघ ठरविण्यासाठी गुणफरकाऐवजी स्वतंत्र सामना खेळविणे अधिक न्याय्य होईल. त्यासाठी लागणारा एक रविवार काढणे अशक्य नाही.

लीग की चॅम्पियनशिप

टिरोनने निराळी वाट धरली. तेथे अनेक वर्षे काउंटी लीगच्या पहिल्या डिव्हिजनमधील १६ संघ सीनियर चॅम्पियनशिप खेळतात. पुढील दोन डिव्हिजन अनुक्रमे इंटरमीजिएट आणि ज्युनियर. श्रेणी ठरते लीगच्या दीर्घ तक्त्यावर, आणि चॅम्पियनशिप मात्र निव्वळ बाद पद्धतीची. १६ संघांनी एकमेकांशी एकदा खेळावयाचे म्हटले तर प्रत्येकाचे १५ सामने होतात, म्हणून या तक्त्यात योगायोगाला फार वाव नसतो. श्रेणीतील समतोल किती असतो हे एका गोष्टीवरून दिसते : २००४ आणि २००५ मध्ये लागोपाठ विजेता ठरलेल्या कॅरिकमोरनंतर टिरोनमध्ये २०२५ पर्यंत कोणत्याही क्लबला सीनियर विजेतेपद राखता आलेले नाही.

या पद्धतीची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. लीगचे बरेच सामने वसंतात आणि उन्हाळ्याच्या आरंभी होतात. त्या काळात काउंटी संघात निवडलेले खेळाडू क्लबला सर्वच सामन्यांत मिळत नाहीत. ज्या क्लबने काउंटीला तीन-चार खेळाडू दिले, त्याचेच गुण बुडण्याची भीती अधिक. २०२२ पासून विभाजित हंगाम पूर्णपणे लागू झाला. त्यानुसार आंतरकाउंटी स्पर्धा जुलैअखेर संपते व पुढील महिने क्लबांना मोकळे मिळतात. याने चॅम्पियनशिपचा प्रश्न सुटला. पूर्वी एप्रिलमध्ये एक सामना आणि पुढला थेट ऑगस्टमध्ये, अशी जी क्लब खेळाडूंची परवड होत असे ती थांबली. लीगचा प्रश्न मात्र जेथल्या तेथे राहिला.

अवनती आणि लहान क्लब

अवनती ही नेहमीच आपत्ती नसते. जानेवारी २०२५ मध्ये अखिल आयर्लंड इंटरमीजिएट अंतिम सामना मेयोतील क्रॉसमोलिना आणि डेरीतील बॅलिंडेरी यांच्यात झाला. क्रॉसमोलिना २००१ चा आणि बॅलिंडेरी २००२ चा अखिल आयर्लंड सीनियर विजेता. दोघेही खाली उतरले होते आणि पुन्हा उभे राहिले. सामना क्रॉसमोलिनाने जिंकला. मोठी परंपरा असलेल्या क्लबाला खालची श्रेणी नवी पिढी घडविण्यासाठी अवकाश देते.

तळाच्या श्रेणीतील ग्रामीण क्लबांची स्थिती अशी नाही. तरुण शिक्षणासाठी व नोकरीसाठी डब्लिनला किंवा ऑस्ट्रेलियाला जातात. १५ खेळाडू मैदानावर उतरविणे हीच वार्षिक परीक्षा असते. अशा क्लबाला एका चांगल्या वर्षाच्या बळावर मिळालेली बढती पुढल्या वर्षी मोठ्या पराभवांची मालिका ठरू शकते, आणि पराभव वाढले की आलेले खेळाडूही गळतात. त्याच श्रेणीत मोठ्या क्लबांचे दुसरे संघही खेळतात. पहिल्या संघाच्या श्रेणीत दुसऱ्या संघाला बढती घेता येत नाही, म्हणून असा संघ वर्षानुवर्षे तेथेच राहून एकाच क्लबच्या पॅरिशची वाट अडवून धरू शकतो. दुसऱ्या संघांना वेगळ्या स्पर्धेत हलवावे, तर त्या श्रेणीत खेळण्यास पुरेसे क्लबच उरत नाहीत. शेजारच्या दोन पॅरिशनी संयुक्त संघ काढला तर खेळाडूंची सोय होते. पण बढती मिळाल्यानंतर संघ पुन्हा वेगळे झाले तर ती श्रेणी कोणाची, याचे उत्तर काउंटी मंडळाला आधीच लिहून ठेवावे लागते.