हिमोग्लोबिन अकरा? पुरे!

सत्तरीतल्या माणसाला जिना चढताना धाप लागली, की घरचे म्हणतात, 'आता वय झालं.' मग कधीतरी रिपोर्टात हिमोग्लोबिन नऊच्या खाली दिसतं आणि बीट, खजूर, डाळिंबाचा मारा सुरू होतो. क्रिएटिनिन वाढलेल्या, म्हणजे किडनी थकलेल्या माणसाला ही माया महागात पडू शकते. या पदार्थांत पोटॅशियम भरपूर असतं. थकलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही, आणि रक्तात साठलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

अशा वेळी मूळ दुखणं बहुधा ताटात नसतंच. अस्थिमज्जेला लाल पेशी बनवायचा हुकूम देणारं इरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक प्रौढांमध्ये मुख्यतः किडनीत तयार होतं. किडनी खराब होत गेली की तो हुकूमच सुटेनासा होतो.

हे संप्रेरक हाती लागलं, त्याची कथा भन्नाट आहे. अप्लास्टिक ॲनिमियात मज्जा दाद देत नाही, म्हणून किडनी हुकूम सोडतच राहते आणि तो लघवीत उतरतो. जपानमधल्या कुमामोतोच्या ताकाजी मियाके यांनी अशा रुग्णांची २,५५० लिटर लघवी जमवली. तिचा सुकवलेला अर्क रेशमी कापडात बांधून १९७५ मध्ये ते शिकागोला यूजीन गोल्डवॉसर यांच्याकडे गेले. एवढ्या खटाटोपातून १९७७ पर्यंत शुद्ध माल निघाला तो काही मिलिग्रॅम! पुढे ॲमजेन कंपनीत फू-कुएन लिन यांनी त्याचं जनुक वेगळं केलं आणि १९८९ मध्ये अमेरिकेत इंजेक्शनला परवानगी मिळाली. तोवर डायलिसिसचे कितीतरी रुग्ण रक्ताच्या बाटल्यांवर दिवस काढत.

मग हाव सुटली. निरोगी माणसाइतकं हिमोग्लोबिन का नको? २००६ च्या 'कॉयर' चाचणीत डायलिसिसवर नसलेल्या किडनीरुग्णांच्या एका गटासाठी १३.५ आणि दुसऱ्यासाठी ११.३ असं लक्ष्य ठेवलं होतं. वरच्या गटात मृत्यू आणि हृदयाचे त्रास जास्त निघाले, चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. २००९ च्या 'ट्रीट' चाचणीत मधुमेह आणि किडनीविकार दोन्ही असलेले ४,०३८ रुग्ण होते, निम्म्याहून अधिक पासष्टी ओलांडलेले. इंजेक्शन घेणाऱ्या गटात १०१ जणांना पक्षाघात झाला, दुसऱ्या गटात ५३ जणांना. तेव्हापासून डॉक्टर साधारण दहा ते साडेअकराच्या दरम्यान थांबतात. 'अजून थोडं वाढवा ना' हा नातेवाइकांचा आग्रह ते मोडून काढतात, आणि ते बरोबरच आहे.

इंजेक्शनआधी लोह तपासणं आवश्यक. लोहाचा साठा सांगणारा फेरिटिनचा आकडा एकटा फसवतो, कारण शरीरात दाह असला की तो उगाच चढतो. म्हणून ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही पाहतात. गोळीतलं लोह अंगी लागलं नाही तर सलाईनमधून देतात. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या शाकाहारी आजींचं बी-१२ कमी असू शकतं. गुडघेदुखीच्या गोळ्यांनी आजोबांच्या पोटात गुपचूप रक्तस्राव होत असेल, तर त्याच गोळ्या किडनीचंही नुकसान करत असतात. सगळं खापर किडनीवर फोडलं, तर आतड्याचा कॅन्सरही नजरेतून सुटू शकतो.

इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवायचं असतं, पण फ्रीझरमध्ये नाही. रक्तदाब चढलेला असेल तर आधी तो आटोक्यात आणावा लागतो. पंधरा दिवसांत हिमोग्लोबिन एका ग्रॅमहून जास्त चढलं, तर आनंद मानण्याऐवजी डोस कमी करतात. टोचून घ्यायचा कंटाळा आलेल्यांसाठी आता गोळीही आहे. अहमदाबादच्या झायडस कंपनीच्या डेसिडुस्टॅटला भारतात २०२२ मध्ये परवानगी मिळाली. ती किडनीला ऑक्सिजन कमी असल्याचा भास करून देते आणि शरीराकडूनच इरिथ्रोपोएटिन बनवून घेते. आकड्याची लगाम मात्र तिलाही लागते.